अकरा मिनिटांचा उतार

“विझव म्हणू नये गं. शांत कर म्हणावं.”

थोरल्या काकूचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. जत तालुक्यातलं आमचं गाव, रोजचं लोडशेडिंग आणि कोनाड्यात रॉकेलची चिमणी. काकू तोंडाची फटकळ. ओरडली की आवाज तीन शेतं ओलांडून जायचा आणि बांधावरची म्हैससुद्धा मान वर करायची. आम्हा पोरांसाठी तिच्याकडे एकच शब्द होता, ‘गप’. पण दिव्यापाशी गेली की ती दुसरीच बाई व्हायची. फुंकर मारायची नाही. पदराचा वारा घालायची, तोही तान्ह्याला घालावा तसा. ज्योत एकदा वाकायची, दोनदा वाकायची आणि आपण होऊन निजायची. कधी ती दिव्यालाच सांगायची, “शांत हो बाबा आता, दमलास.” माणसाला गप आणि दिव्याला शांत, अशी आमच्या घरात शब्दांची वाटणी होती.

ही वाटणी सगळ्या घरांत अशीच असते, असं मी धरून चालले. माझी चूक एवढीच. पण त्या चुकीनं माझी सहा वर्षं खाल्ली.

मी बायकांच्या ओव्या गोळा करायचे. जाती अंगणात उलटी पडली तरी ओव्या म्हाताऱ्यांच्या जिभेवर होत्या, आणि मी रेकॉर्डर घेऊन त्यांच्या उंबऱ्यावर बसायचे. लोकांना वाटतं ओवी म्हणजे माहेर, भाऊराया, तुळस. मला मात्र त्यात राग सापडायचा, बारीक दळलेला. उमदीच्या कोंडाबाईंनी मला एक ओवी सांगितली होती:

तोंडा लाविलं कुलूप, राग दळिला जात्यात
गोड लागली भाकर, कोण पुसतो ताटात

आठ वर्षांपूर्वी ‘सांजवेळ’ नावाच्या कंपनीनं मला बोलावलं ते याच कामामुळे. घरातले दिवे माणसाच्या बोलण्यावर चालतील अशी यंत्रणा ते बनवत होते. त्यांचं मराठी ‘लाईट बंद कर’पाशी संपत होतं. मी त्यांना शब्द दिले. मालव. निवव. निरोप दे. पदर दे. नारळ वाढवतात, बांगडी वाढवते, तसा काही घरांत दिवाही ‘वाढवतात’, हेही सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकलं नाही. पहिल्या चाचणीला कवलापूरच्या एका सासूबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “दिवा वाढव,” आणि यंत्रानं खोलीतले सगळे दिवे एकदम भगभगीत केले.

“आगं बया! म्या मालव म्हंतीया, आन् ह्यो मेला पेटतोय!”

सगळे हसले. सगळ्यांत जास्त हसला ओवेस मुजावर. मिरजेचा मुलगा, दिव्यांच्या चढउताराचं गणित तो बघायचा. मला ‘बाई’ म्हणायचा, कारण मी त्याच्या बहिणीला कॉलेजात शिकवलं होतं.

“बाई, एक सांगा,” त्यानं विचारलं, “‘शांत कर’ म्हटल्यावर दिवा किती वेळात जायला पाहिजे? खटकन?”

“खटकन नाही. पदरानं जातो तसा.”

“म्हणजे किती ओ? मला आकडा लागतो.”

मी डोळे मिटून काकूला बघितलं. “चार सेकंद.”

मग त्यानं मला उतार समजावला. ज्या वेगानं दिवा मंद होतो, त्याला ती मुलं उतार म्हणत. “डोळा मोजत नाही, बाई. डोळा तुलना करतोय. शंभर पणत्यांतली एक गेली तर कुणाच्या बापाला कळत नाही. चारातली एक गेली की लगेच कळतं. म्हणून उजेड सारखे तुकडे पाडून काढायचा नाही. आधी मोठे घास, मग बारीक बारीक. तरच उतार सरळ वाटतो.”

“आणि उतार फारच लांबवला तर?”

“तर कळतच नाही. बाहुली मागोमाग मोठी होत जाती, आतला पडदा सरावतो. दहा मिनिटांत खोलीतला दोनतृतीयांश उजेड काढून घ्या, माणूस म्हणणार, हाय की उजेड. पण शरीराला कळतं बरं का. डोळ्यात काही पेशी अशा आहेत की त्या बघण्याचं काम करत नाहीत, नुसतं मेंदूला सांगतात, सांज झाली. मग नाडी उतरती. माणूस सैल पडतो.”

मला ते फार सुंदर वाटलं. डोळ्याला न सांगता देहाला सांगणारा उजेड! त्या दिवशी घरी येताना मी त्यावर चार ओळीही रचल्या. त्या फाडून टाकल्या आहेत.

शब्दांच्या यादीत मी ‘शांत कर’ घातलं, ‘शांत’ घातलं आणि काकूच्या आठवणीनं ‘शांत हो’ही घातलं. कंपनीनं कौतुकानं पहिल्या काही घरांत आमचं घर धरलं. सांगलीत विश्रामबागेतला आमचा फ्लॅट, माझा नवरा निनाद इंगवले, आमची जुई तेव्हा सहा वर्षांची.

निनाद पुलांची तपासणी करतो. कुठल्या खांबाला तडा आहे ते तो हातोडीच्या आवाजावरून सांगतो. बोलणं हळू, चालणं हळू. त्याच्या घरची भाषा आमच्यापेक्षा शिकलेली. त्यांच्याकडे माणसाला गप म्हणत नाहीत. त्यांच्याकडे माणसाला ‘शांत हो’ म्हणतात.

दिवे बसले त्याच महिन्यात आमचं भांडण झालं. कशावरून ते आठवत नाही. मी ओरडत होते आणि निनाद म्हणाला, “शलाका, शांत हो.” चार सेकंदांत अख्खं घर काळंकुट्ट. आम्ही दोघंही असे हसलो की जुई झोपेतून उठून आली.

“घ्या! तुझा शब्द तुलाच लागला,” निनाद म्हणाला. “मी काढून टाकतो तो यादीतून. नाहीतर रोज अंधारात बसावं लागेल.”

“काढ बाबा,” मी म्हटलं.

नंतर दिवे गेले नाहीत. मला वाटलं, काढला.

आणि आमची भांडणं मऊ झाली. कशी सांगू? मी तावातावानं सुरू व्हायचे आणि दहा-बारा मिनिटांत माझ्या बोलण्याची धार जायची. खांदे उतरायचे. समोरचा माणूस चांगला दिसायला लागायचा, पिवळसर, ओळखीचा. वाटायचं, एवढं काय आहे त्यात? “बरं, तुझं खरं,” मी म्हणायचे. असं मी ‘बरं’ म्हणत गेले. गावोगावचं फिरणं सोडलं, कारण जुई लहान आहे. बरं. कॉलेजात शिकवणं सोडून परीक्षा विभागात बसले, कारण वेळा सोयीच्या आहेत. बरं. कोंडाबाई गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं. तिच्या दीडशे ओव्या घ्यायच्या राहिल्या होत्या. त्या संध्याकाळी मी निनादवर चिडून उठले आणि थोड्या वेळानं त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून जांभई दिली. जांभई!

मी स्वतःलाच बोल लावला. वाटलं, वय झालं, पाणी आटलं. मैत्रिणी म्हणायच्या, “तुमच्या घरात भांडणच नाही गं, नशीबवान.” कॉलेजात, नळीच्या साध्या दिव्याखाली, मी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांशी वाद घालायचे. घरी आले की मेण. हा फरक मला दिसत होता, पण त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. शब्दांचं दुकान मांडून बसलेली बाई मी!

मागच्या आठवड्यात मंगळवारी वीज पडली आणि सोसायटीतल्या चार घरांची यंत्रणा जळाली. आमचीही. नवी येईपर्यंत दिवे भिंतीवरच्या बटणावर. लावले की लागायचे, बंद केले की जायचे.

गुरुवारी संध्याकाळी सहाला निनाद जुईच्या शाळेचा विषय काढून बसला. जुईला गणितात गती आहे. बंगळुरूजवळची एक निवासी शाळा तिला घ्यायला तयार होती, सलग सहा वर्षांसाठी. सुट्टी वर्षातून दोनदा. महिन्यापूर्वी निनादनं विचारलं होतं आणि मी ‘बरं’ म्हटलं होतं; त्यानं ते शाळेला कळवलंही होतं. आता रविवारी सकाळी अकरा वाजता शाळा फोनवर दोन्ही पालकांची संमती रेकॉर्ड करणार होती. एकदा ती झाली की बदल नाही.

“मी बरं म्हटलं होतं?” मी म्हणाले. “बारा वर्षांची पोर सहा वर्षं तिकडे? निनाद, ती परत येईल तेव्हा अठराची असेल!”

“आपण बोललो होतो यावर. तू कबूल केलं होतंस.”

“मला आत्ता नाही कबूल!”

आवाज माझाच होता, पण मला तो अनोळखी वाटला. काकूचा निघाला. निनाद दचकला. मग त्यानं नेहमीच्या मऊ आवाजात म्हटलं, “शलाका, शांत हो.”

आणि त्यानं वर बघितलं.

छताकडे. दिव्याकडे. अगदी एक क्षण. चुलीवर दूध ठेवलेला माणूस जसा मधूनच नजर टाकतो, तशी. मग मनगटावरच्या घड्याळाकडे. मी बोलत राहिले, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, अर्धा तास, आणि माझा राग कमी झाला नाही. निनादनं पुन्हा एकदा वर बघितलं. दिवा होता तेवढाच होता. त्याच्या चेहऱ्यावर घाम आला.

मी बोलायची थांबले, ती निवले म्हणून नव्हे. मला कळलं होतं. काय कळलं ते अजून माहीत नव्हतं, पण कळलं होतं.

शुक्रवारी यंत्रणेची जळालेली पेटी पिशवीत घालून मी मिरजेला गेले. ओवेसनं कंपनी सोडून तीन वर्षं झाली होती. आता तो स्टेशन रोडला दिव्यांच्या दुरुस्तीचं दुकान चालवतो.

“बाई! केवढ्या दिवसांनी ओ!” त्यानं स्टूल पुढं केलं. पेटी उघडून तिच्यातली नखाएवढी चकती त्यानं काढली आणि आपल्या यंत्राला लावली. “बाकी जळलंय, पण आठवण शाबूत हाय. काय बघायचंय?”

“‘शांत हो’ हा शब्द यादीतून कधी काढला ते बघ.”

तो बघत राहिला. मग खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाला.

“काढलेला नाही, बाई. बदललाय. सहा वर्षांपूर्वी, घरमालकाच्या, म्हणजे साहेबांच्या परवानगीनं. चार सेकंदांचा उतार अकरा मिनिटांचा केलाय. आणि पार बंद नाही करायचा, शंभरावरून तीसवर आणून थांबवायचा.” त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. “हे आकडे मी ओळखतो. हा पाळणा हाय.”

“पाळणा म्हणजे?”

“तान्ह्या पोरांच्या खोलीसाठी केलेला उतार ओ. मीच केलेला. उजेड हळूहळू पिवळा पडत जातो, आणि त्याला एक लाट असती, मिनिटाला सहा. अगदी बारीक, दिसत नाही. पण बाळाचा श्वास त्या लाटेनं सावकाश होतो आणि ते निजतं. मोठ्या माणसाचा पण होतो. मोठा माणूस निजत नाही, नुसता...”

“नुसता काय?”

“हो म्हणतो.”

दुकानाबाहेर रिक्षावाले कुणाला तरी शिव्या देत होते. भरदुपारचं ऊन होतं. मी ते आवाज ऐकत बसले. किती चांगले होते ते आवाज.

“किती वेळा?” मी विचारलं.

“तीनशे एक्केचाळीस.”

बाळाला पाळण्यात घालतात तेव्हा निदान गाणं म्हणतात. निदान नाव ठेवतात. मला माझ्याच दिवाणखान्यात, उभ्या उभ्या, बोलता बोलता, तीनशे एक्केचाळीस वेळा पाळण्यात घातलं. आणि दोरी माझ्या काकूच्या शब्दाची.

“अजून एक सांगतो, म्हणजे माझ्या पोटात राहायला नको,” ओवेस खाली बघत म्हणाला. “हे तुमच्या एकट्या घरात नाही. पहिल्या शंभर घरांतल्या वीसेक जणांनी असंच केलं, आपापल्या डोक्यानं. कंपनीला आकडे दिसले. त्यांनी ते बंद करायचं का विकायचं, यावर मीटिंग घेतली. आता त्याला ‘गृहशांती’ म्हणतात. शाळेत हाय, दवाखान्यात हाय. वॉर्डाच्या सभा होतात त्या नव्या हॉलमध्ये पण हाय. मागच्या वर्षी पाणी दूषित आलं, आठवतं? पाचशे माणसं भांडायला गेली आणि टाळ्या वाजवून घरी आली. मी कंपनीच्या त्या मीटिंगनंतरच सोडली नोकरी. पण बोललो नाही कुठं. सही करून आलोय, न बोलण्याची.”

“आणि माझा शब्द?”

“गृहशांतीच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर हाय, बाई. शब्दसंग्रह: शलाका इंगवले.”

मी घरी चालत आले. मिरजेहून विश्रामबागेपर्यंत, सगळं ऊन अंगावर घेत. वाटेत एक हॉस्पिटल लागलं, एक शाळा लागली. शाळेच्या खिडक्यांमधून छान, लोण्यासारखा उजेड येत होता. एकाही वर्गातून आवाज नव्हता. ही जुईची शाळा. पालकसभेत बाई म्हणाल्या होत्या, “तुमची मुलगी किती समजूतदार आहे, कशालाच नाही म्हणत नाही.” मी अभिमानानं हसले होते.

शनिवारभर मी निनादशी बोलले नाही. रविवारी सकाळी साडेदहाला त्याला म्हटलं, “गच्चीवर चल. फोन तिथूनच घेऊ.”

“गच्चीवर? ऊन केवढं आहे.”

“म्हणूनच.”

वर चौगुले काकी चादरीवर सांडगे घालत बसल्या होत्या. जुई आमच्या मागोमाग आली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत गुडघे पोटाशी घेऊन बसली. मी निनादला कठड्यापाशी नेलं.

“अकरा मिनिटं,” मी म्हणाले.

तडा कुठं आहे हे त्याला ठोकून बघायची गरज पडली नाही.

“तू सांगितलंस, काढून टाकतो. आपण हसलो होतो, निनाद. तू माझ्याबरोबर हसलास आणि मग बसून आकडे बदललेस. कधी? मी आंघोळीला गेले तेव्हा?”

“पहिल्यांदा सहज केलं,” तो हळूच म्हणाला. “बघावं म्हणून. आणि तू खरंच... तुला बरं वाटलं, शलाका. तू हसलीस. आपण चहा घेतला.”

“मला बरं वाटलं!”

“तुला माहीत आहे माझ्या घरी काय होतं ते. अण्णा ताट भिरकावायचे. आई भिंतीला लागून उभी असायची. कुणाचा आवाज चढला की मला अजून ती भिंत दिसते. मी ठरवलं होतं, माझ्या घरात असं होणार नाही. मी कधी हात उचलला तुझ्यावर? कधी वेडंवाकडं बोललो? लोक काय काय करतात. मी फक्त दिवे कमी केले.”

“हात दिसतो रे!” मी ओरडले. सांडग्यांवरची चिमणी उडाली. “हात धरता येतो. हाताची खूण राहते, चार लोकांना दाखवता येते. तू काय केलंस? तू माझ्या आत शिरलास आणि वात खाली केलीस. कोंडाबाई गेली तेव्हा मी जांभई दिली, निनाद! मी सहा वर्षं स्वतःला दगड म्हणत होते. मला वाटायचं माझ्यातच काही उरलं नाही. आणि तू रोज समोर बसून बघत होतास, घड्याळ लावून!”

“मी भांडण थांबवत होतो.”

“तू भांडण जिंकत होतास. तीनशे एक्केचाळीस वेळा! एकदा तरी तू हो म्हणालास का? तो उजेड तुझ्यावर पण पडत होता ना?”

“मी दिव्याकडे पाठ करून बसायचो. आणि मला माहीत असायचं. माहीत असलं की तेवढं होत नाही.”

ह्या माणसानं ‘तेवढं होत नाही’ हे किती वेळा तपासून बघितलं असेल? पूल तपासतो तसं? माझ्या हाताची बोटं कठड्याच्या तापलेल्या सिमेंटवर भाजत होती आणि मला ती काढायची नव्हती.

चौगुले काकी न राहवून म्हणाल्या, “अगं बाई, काय झालं गं? तुमच्यातनं आवाज पहिल्यांदाच ऐकला मी. सहा वर्षांत पहिल्यांदा!”

“आता रोज ऐकायला येईल, काकी.”

“मग बरंय,” काकी म्हणाल्या. “मला आपलं वाटायचं, नवरा-बायको बोलतात का नाही?” आणि परत सांडगे घालायला लागल्या.

निनाद कठड्याला टेकून खाली बसला. लहान दिसत होता. मला त्याची दया आली, आणि ती दया माझीच आहे की सवयीची, हे मला सांगता येईना. त्याचाही मला राग आला. आता प्रत्येक मऊ गोष्ट मला उलटी करून बघावी लागणार होती. लग्नाआधीची सोडून. नाही, तीही.

अकराला फोन वाजला. निनादनं तो मांडीवर धरला. पडद्यावर शाळेच्या एक बाई होत्या, त्यांच्या मागं लोण्यासारखा उजेड.

“नमस्कार. कुमारी जुई निनाद इंगवले यांच्या प्रवेशासाठी आम्ही आपल्या दोघांची संमती घेतोय. वडील?”

निनादनं माझ्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, “आधी तिच्या आईला विचारा.”

“आई? आपली संमती आहे ना?”

“नाही,” मी म्हणाले.

“मॅडम, आमच्याकडे गेल्या महिन्यातली प्राथमिक संमती आहे. आपण ‘बरं’ म्हणालात असं—”

“ते मी म्हटलं नव्हतं. ते माझ्याकडून म्हणवून घेतलं होतं. माझी संमती नाही. लिहून घ्या. रेकॉर्ड करताय ना? मग मोठ्यानं सांगते. नाही!”

बाई गडबडल्या. “आपण थोड्या शांतपणे—”

“नाही!”

निनादनं फोन बंद केला. त्यानं हात वर केले, कुणी बंदूक रोखल्यासारखे, आणि खाली ठेवले. “ठीक आहे,” तो म्हणाला. “ठीक आहे. नाही तर नाही.”

मी जिंकले असं मला वाटलं. डोळ्यांत ऊन होतं आणि पाणी. सहा वर्षांनी माझा शब्द माझ्या तोंडातून निघाला होता. मी टाकीपाशी गेले. जुई तशीच बसली होती, गुडघ्यांभोवती हात बांधून. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“झालं,” मी तिला म्हटलं. “कुठं जायचं नाही तुला. मला कळलंय सगळं. दिव्यात खोट होती, जुई. मी बरं म्हटलं, ते मी नव्हतेच.”

मी जवळ घ्यायला हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला.

इतक्या वर्षांत तिनं माझा हात कधी सारला नव्हता. ती उठून उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. मोठ्यानं कसं बोलायचं ते तिला माहीत नव्हतं. तिनं दोनदा श्वास घेतला. निनाद उठून पुढं यायला लागला, तर मी त्याला हातानं थांबवलं.

“मी दाराआड उभी होते,” जुई म्हणाली. आवाज चिरकत होता. “मागच्या महिन्यात, तुम्ही बोलत होता तेव्हा. मला वाटलं, तू नाही म्हणशील. मी वाट बघत होते. बाबांनी नुसतं विचारलं, आई. हो तू म्हणालीस. मला बाबांपेक्षा तुझा राग आलाय. खूप. तेव्हापासून रोज.”

“अगं, तो दिवा—”

“दिव्याचं मला सांगू नको!” ती किंचाळली. “मी पण त्याच उजेडात उभी होते. तरी मला नाहीच म्हणायचं होतं!”